चार दिवसांचं बँकॉक: सकाळी मोजून आखलेला बेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब: नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. चौघंही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत, शिवाय त्यांचे गुडघे कुरकुरतात. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरात, गुरुवारी पहाटे पोचून रविवारी रात्री परत. एजंटने 'बँकॉक दोन रात्री, पटाया एक रात्र' असा छापील कार्यक्रम हातात ठेवलाय. तो घ्यावा, की फक्त बँकॉक करावं? आणि करायचं तर कसं?

फक्त बँकॉक करा. पटाया वाईट आहे म्हणून नाही, तर तुमच्याकडे तेवढ्या सकाळी नाहीत म्हणून. मराठी कुटुंबांच्या सहली आखण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. बँकॉकच्या बाबतीत लोक ठिकाणांची यादी घेऊन बसतात आणि ती दिवसांत वाटून टाकतात. या शहरात ठिकाणांची वानवा नाही, वानवा आहे ती सकाळींची. जे बघायला आपण एवढ्या लांब जातो ते जवळजवळ सगळं उघड्यावर, फरशी तापणाऱ्या अंगणांत आहे. अकरानंतर तिथे सासूबाईच काय, नववीतली मुलगीही टिकणार नाही. नोव्हेंबर हा तिथल्या बऱ्या हवामानाचा पहिला महिना. पावसाळा मे ते ऑक्टोबर, त्यातला सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात जोरदार. पण 'बरी हवा' म्हणजे मुंबईचा ऑक्टोबर समजा, पुण्याची थंडी नव्हे. दुपारी वातानुकूलित छपराखाली जावंच लागतं, आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात रस्ते तुंबतात.

आता मोजा. गुरुवारची सकाळ पोचण्यात गेली. उरल्या शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशा तीन. पटाया बँकॉकपासून सुमारे दीडशे किलोमीटर, जायला दोन-अडीच तास आणि यायला तेवढेच. त्यात एक सकाळ पुरती आणि दुसरी अर्धी जाते. एजंटच्या कार्यक्रमात बँकॉकसाठी उरते ती 'अर्ध्या दिवसाची सिटी टूर', आणि या प्रकारच्या टूरमध्ये बहुधा दोन देवळं आणि एक रत्नांचं दुकान असतं. दुकानात जेवढा वेळ काढतात तेवढा देवळात काढत नाहीत. का, ते सांगायची गरज नाही.

आता हॉटेल कुठे, कारण निम्मा बेत तिथेच ठरतो. आपल्याकडचे गट बहुतेक प्रतुनाम भागात उतरवतात. हॉटेलं स्वस्त, कपड्यांचा घाऊक बाजार दारात आणि भारतीय जेवण कोपऱ्यावर, ही त्याची कारणं. खरेदी हाच मुख्य हेतू असेल तर ते ठीक. पण तिथलं ट्रॅफिक म्हणजे शिक्षा आहे आणि नदीपासून ते दूर पडतं. तरुण मुलं खाओ सान रस्त्यावर उतरतात. तिथे रात्रभर आवाज, आणि रेल्वेचं स्टेशन चालण्याच्या सोयीचं नाही. सुखुमवित रस्त्यावरचा अशोक-नाना हा पट्टा रेल्वेला उत्तम, भारतीय उपाहारगृहंही भरपूर, पण नानाच्या आसपासच्या गल्ल्यांचं रात्रीचं रूप सासूबाईंसोबत बघायचं नाही.

तुमच्यासाठी मी सीलोम-साथोर्न पट्टा निवडेन: बीटीएस स्कायट्रेनच्या सुरासाक किंवा साफान ताक्सिन स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर. साफान ताक्सिन हे स्टेशन आणि साथोर्नचा धक्का एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे रेल्वे आणि नदी दोन्ही हातात येतात. जुन्या शहरात रस्त्याने गेलात तर किती वेळ लागेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. होडीने गेलात तर चाओ फ्राया नदीवर सिग्नल नाहीत. याच भागात सीलोम रस्त्यावर तमिळ मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, स्थानिक लोक त्याला 'वाट खाएक' म्हणतात ('वाट' म्हणजे थाई भाषेत देऊळ). आसपास दाक्षिणात्य जेवण मिळतं. सासूबाईंना सकाळी इडली मिळाली की पुढचा दिवस तुमचा.

हॉटेल बुक करताना स्टेशनपासूनचं अंतर नकाशावर स्वतः मोजा. 'स्टेशनजवळ' हे हॉटेलवाल्यांचं जवळ असतं. आणि बीटीएस उंचावर आहे, सगळ्याच दारांना लिफ्ट नाही, काही ठिकाणी सरकता जिना फक्त वर जाणारा असतो. गुडघ्यांचा प्रश्न आहे तर लिफ्ट कोणत्या दाराला आहे हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

गुरुवार. मुंबईहून निघणारी विमानं बरीचशी मध्यरात्रीची. प्रवास चार-साडेचार तासांचा, आणि थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे रात्र कापली जाते, आणि सुवर्णभूमी विमानतळावर तुम्ही उजाडताना अर्धवट झोपेत उतरता. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. या सहा-सात तासांचं काय करायचं हे आधी ठरवलं नाही तर चौघं स्वागतकक्षातल्या सोफ्यावर पेंगत बसतात आणि पहिलं भांडण तिथेच होतं. दोन मार्ग आहेत. परवडत असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या. सासूबाईंसाठी हे पैसे वाया जात नाहीत. नाहीतर सामान हॉटेलात ठेवून नाश्ता करा आणि लुंफिनी बागेत जाऊन सावलीत बसा. तिथल्या तळ्याकाठी मगरीच्या पिल्लाएवढ्या घोरपडी निवांत फिरत असतात, मुलगी तासभर फोटो काढेल. त्या काही करत नाहीत, पण खाऊ दाखवू नका.

विमानतळावरून शहरात यायला रेल्वे आहे. एअरपोर्ट रेल लिंक, फाया थाय स्टेशनपर्यंत ४५ बाट (बाट हे तिथलं चलन), अर्ध्या तासाच्या आत. एकटा माणूस असेल तर मी तीच सांगतो. पण चौघं, सामान, जागरण आणि पुढे गाडी बदलणं हे गणित जमत नाही. टॅक्सी घ्या. पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावर टॅक्सीच्या जागेचा क्रमांक असतो. भाडं मीटरने, वर विमानतळाचे ५० बाट आणि टोल वेगळा. सगळं मिळून सीलोमपर्यंत साधारण चारशे ते पाचशे बाट होतात. आगमन कक्षात कोट घालून 'लिमोझिन, लिमोझिन' म्हणत येणाऱ्यांकडे बघूही नका. शहरात फिरताना ग्रॅब किंवा बोल्ट ॲप वापरा. टुकटुक एकदा हौसेला ठीक, भाडं चढण्याआधी ठरवून.

दुपारी दोनला खोली मिळाली की झोपा. संध्याकाळी चारला उठून साथोर्न धक्क्यावर जा आणि नदीवरून फक्त एक फेरी मारा, कुठेही न उतरता. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आधीच मावळतो, तेव्हा वाट अरुणचे मनोरे आधी काळे दिसतात आणि मग दिवे लागले की सोनेरी. होड्या दोन प्रकारच्या आहेत, धक्क्यावर गोंधळ इथेच होतो. नारिंगी झेंड्याची होडी म्हणजे तिथली रोजची प्रवासी बोट, भाडं १६ बाटच्या आसपास, कंडक्टर पत्र्याची नळी खुळखुळवत तिकीट देतो. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, महाग पण बसायला मोकळी. नारिंगी बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि निघते, मधला तरंगता फलाट डुलत असतो. सासूबाई सोबत असताना पहिल्या दिवशी निळी घ्या, त्यांचा अंदाज येऊ दे. धक्क्यावर कुणी तिसऱ्याच लांबट होडीची 'खास सफर' विकायला येईल, त्याला हसून नाही म्हणा. परतल्यावर जेवणाची जागा शोधायचा कंटाळा असेल तर त्याच धक्क्यावरून आयकॉनसियाम मॉलची फुकट बोट सुटते. २०१८ साली उघडलेला हा मॉल आहे, तळमजल्यावर थाई प्रांतांचा बाजार मांडलाय. दमलेल्यांना लांब न जाता गंमत.

शुक्रवारची सकाळ म्हणजे या सहलीचा गाभा. हॉटेलचा नाश्ता कितीही मोठा असला तरी साडेसातला बोटीत बसा, था चांग धक्क्यावर उतरा आणि साडेआठला राजवाड्याच्या, म्हणजे ग्रँड पॅलेसच्या, दारात उभे राहा. राजवाडा साडेआठलाच उघडतो, आणि साडेनऊनंतर गटांच्या बसगाड्या रिकाम्या व्हायला लागतात. तो एक तास तुमचा. तिकीट ५०० बाट, विक्री साडेतीनला बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; साडी, सलवार-कमीज उत्तम, मुलीला फाटकी जीन्स किंवा बिनबाह्यांचा टॉप घालू देऊ नका. चपला सोडायला सोप्या घाला, दिवसभर काढ-घाल आहे. राजघराण्यातल्या समारंभांमुळे वाडा कधी अंशतः तर कधी पूर्ण बंद असतो, ते अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा.

मुद्दाम आदल्या दिवशी, कारण वाड्याच्या भिंतीजवळ नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ तुम्हाला हमखास सांगेल की आज वाडा बंद आहे, प्रार्थना चालू आहे, दुपारी उघडेल. 'तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटमध्ये देवळं दाखवेल,' असंही म्हणेल. हा टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबतो. ही युक्ती कित्येक वर्षं जुनी आहे आणि अजून चालते. वाडा बंद आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकी सांगेल.

आत गेलात की बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती हिरव्या दगडाची, फार मोठी नाही, उंच आसनावर. वर्षातून तीनदा, उन्हाळा-पावसाळा-हिवाळ्याच्या सुरुवातीला, राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो. सासूबाईंना हे सांगा, त्यांना आपल्या देवांच्या उपचारांची आठवण होईल. पण माझ्या मते तुमच्या घरच्यांसाठी खरा खजिना बाहेरच्या ओवऱ्यांत आहे. तिथे चौफेर भिंतीवर रामकिएन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. सावली आहे, टेकायला जागा आहे, आणि कथा तुम्हाला गाइडपेक्षा जास्त ठाऊक आहे. ठाऊक आहे असं वाटतं, हे म्हणणं बरं. कारण इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. तो रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या, प्रेमात पडतो, शिवाय इतरही भानगडी करतो. दर शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या घरातली सत्तरीची बाई हे ऐकून काय म्हणते ते बघण्यासारखं असतं. पोरीला आधी वाचून यायला सांगा आणि आजीला तिलाच सांगू द्या. गाइडचे पैसे वाचतील.

साडेदहापर्यंत बाहेर पडा. पुढचं वाट फो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण उन्हाचं, तेव्हा सासूबाईंसाठी टॅक्सी. तिकीट ३०० बाट. शयनमुद्रेतला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. खांबांच्या मधून तुकड्यातुकड्यांनीच दिसतो, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं मांडलेली आहेत, त्यांत एकेक नाणं टाकत जायचं. मग गर्दी तिथेच सोडून मागच्या अंगणांत जा, झाडं आहेत, बाकं आहेत, माणसं कमी. वाट फो ही थाई मसाजची जुनी शाळा, आवारातच मसाज मिळतो. बाहेरच्यापेक्षा महाग, पण तासभर थंड खोलीत आडवं व्हायला मिळतं आणि हात जाणत्याचे असतात. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल आधी सांगा. पायांचाच हलका मसाज घ्या, पूर्ण थाई मसाजात ते माणसाला अक्षरशः घडी घालून ठेवतात.

त्यानंतर जेवून हॉटेलवर. वाट अरुण समोरच, नदीपलीकडे आहे, था तिएन धक्क्यावरून पाच बाटची नाव जाते. तरी भर दुपारी जाऊ नका. चारनंतर परत या, मनोऱ्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं तिरप्या उन्हात चमकतात. पायऱ्या खड्या आहेत. सासूबाई खाली नदीकाठी बसतील. मुलीला मात्र इथे खास काम आहे. देवळाबाहेर थाई पोशाख भाड्याने मिळतात आणि अर्धं अंगण राजकन्यांनी भरलेलं असतं. तिकीट २०० बाट. परतताना नारिंगी बोटी संध्याकाळी लवकर संपतात हे ध्यानात ठेवा. भुयारी एमआरटीचं इत्सराफाप स्टेशन वाट अरुणच्या बाजूला आणि सनाम चाय वाट फोच्या बाजूला आहे. जुन्या शहराखालची ही रेल्वे २०१९ पासूनची, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत 'तिथे रेल्वे नाही' असं लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. सनाम चाय स्टेशन तर नुसतं बघायलाही उतरावं, आतून दरबार हॉलसारखं सजवलंय. एमआरटीच्या फाटकावर साधं टॅप करायचं बँक कार्ड चालतं. बीटीएसची तिकीट व्यवस्था वेगळी, तिथे तिकीट स्वतंत्र काढा.

शनिवारच्या सकाळी मी तुम्हाला अशा ठिकाणी पाठवेन जिथे सहसा आपले गट जात नाहीत. सामयोत स्टेशनपासून थोड्या अंतरावर साओ चिंग चा, लाल रंगाचा प्रचंड सागवानी झोपाळा. म्हणजे नुसता सांगाडा. झोके घेण्याचा विधी १९३५ पासून बंद आहे. विधी ब्राह्मणांचा, आणि ते ब्राह्मण अजून आहेत. समोरच्याच रस्त्यावर देवस्थान, १७८४ मध्ये पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने उभारलेलं. शहर वसवल्यानंतर दोनच वर्षांनी. शंकर, गणपती आणि विष्णू अशी तीन छोटी देवळं आहेत. राजदरबाराचे विधी, मे महिन्यातला राजनांगराचा सोहळा, आजही इथले पुरोहित करतात. सगळी वास्तू साधी, पांढरी, फोटोत काहीच न वाटणारी. पण सासूबाई इथे जितका वेळ रमतील तितका राजवाड्यात रमणार नाहीत, यावर मी पैज लावायला तयार आहे. एकूणच गणपती तिथे सगळीकडे भेटतो. तिथल्या ललितकला विभागाचं चिन्हच गणपती आहे.

झोपाळ्यामागचं वाट सुथात चुकवू नका. आतला भव्य कांस्य बुद्ध सुखोथायहून नदीमार्गे आणलेला आहे. देवळात शांतता, थंडावा आणि उत्तम भित्तिचित्रं, आणि गर्दी वाड्याच्या दशांशही नाही. बुद्धासमोर बसताना पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत. आपल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. भिक्खूंना स्त्रियांनी स्पर्श करायचा नाही, बोटीत शेजारी बसतानाही नाही. राजघराण्याबद्दल थट्टामस्करी कुठेही, कुठल्याही भाषेत नको. कायदा कडक आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवर, बागांत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा.

दुपारच्या जेवणाला फाहुरातला जा, झोपाळ्यापासून टॅक्सीने जवळ. शीख आणि इतर भारतीय व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ, कापडाची दुकानं, गुरुद्वारा, मिठाई, शुद्ध शाकाहारी खानावळी. तिथून पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार हाकेच्या अंतरावर. झेंडूच्या राशी, मोगऱ्याचे गजरे, कमळाच्या कळ्या. दादरच्या फुलबाजारात वाढलेल्या माणसालाही इथे कमळाच्या पाकळ्या दुमडायची कला बघत उभं राहावंसं वाटतं. चायनाटाउनचा यावारात रस्ता इथून जवळ आहे आणि रात्री तो बघण्यासारखा असतो, पण शाकाहारी नाकांना तिथला वास झेपेल का याचा विचार करा. तुम्ही दोघं जाऊन या, आजी-नातीला हॉटेलवर ठेवा.

शनिवारची संध्याकाळ मुलीची. सियाम स्टेशन, मॉलच मॉल. सियाम ते चित लोम उंचावरून चालायचा पूल आहे, रस्ता ओलांडायची भानगड नाही. पुलाच्या चित लोमकडच्या टोकाशी एरावान देवालय: चौमुखी ब्रह्मदेव, १९५६ साली शेजारच्या हॉटेलचं बांधकाम अडचणीत आलं म्हणून बसवलेला. ज्यांचा नवस फळतो ते पैसे देऊन नर्तकींकडून नाच करवून घेतात. भारतात ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं, इथे ऑफिस सुटल्यावर रांग लागते. जवळच सेंट्रल वर्ल्डसमोर त्रिमूर्तीचं छोटं देवालय आहे, तिथे गुरुवारी रात्री लाल गुलाब घेऊन तरुण मंडळी प्रेमाची मागणी करायला जमतात. नववीतल्या मुलीला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

रविवारी चतुचक. हा बाजार शनिवार-रविवारच पुरा भरतो, म्हणून तुमचे वार सोयीचे आहेत. एमआरटीने कांफाएंग फेत स्टेशनवर उतरलात तर थेट बाजारातच निघता. साडेनऊला जा, बाराला बाहेर या. हजारो दुकानं आहेत, आवडलेली वस्तू तिथेच घ्या. 'परत येताना घेऊ' म्हणालात तर ते दुकान पुन्हा सापडत नाही. चुकामूक झाली तर घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरवून ठेवा. बुद्धमूर्ती घ्यायचा मोह झाला तर थांबा, त्या देशाबाहेर न्यायला ललितकला विभागाची परवानगी लागते. रस्त्यापलीकडे ओर तोर कोर हा स्वच्छ, झाकलेला फळबाजार आहे, सासूबाईंना तिथे बसवा. फळं कापून मिळतात. ड्युरियन मात्र चाखायचं तर तिथेच. हॉटेलात आणि गाडीत ते आणू देत नाहीत.

तरंगता बाजार राहिला, असं म्हणाल. दाम्नोएन सादुआक शंभर किलोमीटरवर आहे आणि आता तो मुख्यतः आपल्यासारख्यांसाठीच भरतो. एक अख्खी सकाळ त्याला द्यावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा, कधी पाच दिवस मिळाले तर, आयुत्थयेला जा. साधारण ८० किलोमीटरवरची जुनी राजधानी, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक तिथेच, वाट महाथातमध्ये आहे. पण तो पाचवा दिवस आहे, तुमच्या चारांत नाही.

तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग बघा. आपली त्रिपुरी पौर्णिमा ज्या रात्री असते त्याच सुमारास तिथे लॉय क्रथोंग असतो. केळीच्या सोपटावर फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवून लोक नदीत सोडतात. आपल्याकडे नदीत दिवे सोडतात तेच. त्या रात्री धक्क्यांवर तुफान गर्दी होते, तेव्हा सासूबाईंसोबत हॉटेलजवळचं तळं किंवा बाग गाठा. हॉटेलं महाग असतात, पण तारीख जुळली तर ती सोडू नका.

आता जेवण. भारतीय हॉटेलं आहेतच, पण चारही दिवस पनीर खाऊन परत आलात तर काय उपयोग. थाई स्वयंपाकात अडचण मांसाची कमी आणि मासळीच्या सॉसची जास्त आहे. 'नाम प्ला' भाजीत, सॅलडमध्ये, सगळीकडे पडतो. सोम तामच्या कच्च्या पपईत सुकी कोळंबी कुटलेली असते. करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट असते. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की लोक मांसाचे तुकडे काढतात, सॉस राहतो. त्यापेक्षा एक शब्द पाठ करा: 'जे'. 'किन जे' म्हणजे मी 'जे' पद्धतीचं खातो. ही चिनी बौद्धांची व्रताची पद्धत; मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासोबत कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणजे सासूबाईंना जे हवं ते नेमकं यात बसतं. पिवळ्यावर लाल अक्षर असलेली छोटी पताका ज्या गाड्यावर किंवा दुकानात दिसेल तिथे निर्धास्त खा. या व्रताचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्राच्याच दिवसांत येतो, तेव्हा अख्खं शहर पिवळ्या पताकांनी भरतं. एकच सूचना: 'जे' पद्धतीच्या जेवणात सोयाचे पदार्थ हुबेहूब बदकाच्या किंवा डुकराच्या मांसासारखे दिसतात. सासूबाईंना आधी कल्पना द्या, नाहीतर ताट परत जाईल. आंबा आणि चिकट भात नोव्हेंबरातही मिळतो, पण आंब्याचा खरा हंगाम मार्च ते जून.

पैशांचं पटकन सांगतो. एक बाट अडीच-तीन रुपयांच्या आसपास. चौघांची राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण मिळून तिकिटं चार हजार बाट, ही रक्कम आधीच बाजूला काढा. दर अधूनमधून वाढतात. एटीएम परक्या कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा, आणि यंत्राने 'रुपयांत आकारू का' विचारलं तर बाट निवडा. नोटा बदलायच्या तर विमानतळाच्या तळघरात, रेल्वे स्टेशनजवळच्या खिडक्यांवर भाव आगमन कक्षापेक्षा चांगला मिळतो. व्हिसाची सूट भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून मिळू लागली, पण तिच्या अटी आणि दिवस बदलत असतात. तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघा, नातेवाइकाच्या अनुभवावर जाऊ नका. १ मे २०२५ पासून प्रत्येकाला डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही.

रविवारी चतुचकला निघण्याआधीच खोली सोडा, सामान हॉटेलात ठेवा, दुपार मॉलमध्ये किंवा मसाजमध्ये घालवा. रात्रीचं विमान असेल तर संध्याकाळच्या कोंडीआधी, चारच्या सुमारास टॅक्सीत बसा.

एजंटला दुखवायचं नसेल तर त्याच्याकडून विमान, हॉटेल आणि प्रवास विमा एवढंच घ्या, सासूबाईंचं वय सांगून. हॉटेलचं नाव लेखी मागा. 'अमुक हॉटेल किंवा तत्सम' असं लिहून देत असेल तर तिथेच थांबवा. ते तत्सम बहुतेकदा प्रतुनामला निघतं.